कायरोप्रॅक्टर, एक्स-रे आणि आमच्या घरातल्या दोन कंबरा

आमच्या भागात कायरोप्रॅक्टर (हाताने मणके दाबून, झटके देऊन पाठ-कंबर बघणारा) शोधावा लागत नाही, हाकेच्या अंतरावर दोन-तीन असतातच. आम्ही राहतो इलिनॉयमधल्या मोलीनला. नवरा जॉन डिअर कंपनीत, पुण्यातल्या मगरपट्ट्याच्या ऑफिसातून बदली होऊन आलेला. अशी मराठी घरं इथे बरीच आहेत. पुलावरून मिसिसिपी ओलांडली की आयोवातलं डॅव्हनपोर्ट, आणि कायरोप्रॅक्टिक हा सगळा प्रकार जन्माला आला तो तिथेच. १८९५च्या सप्टेंबरात डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी तिथे एका सफाई कामगाराचा मणका दाबून बसवला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असं ते सांगत. (ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यांतून जात नाही, हे आपलं जाता जाता.) त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडे जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. पुढे पामरांचे चिरंजीव बी. जे. यांनी १९१० मध्ये डॅव्हनपोर्टच्या कॉलेजात एक्स-रेचं यंत्र आणलं, आणि मणका ‘सरकलाय’ हे फिल्मवर दाखवायची प्रथा पडली ती पडलीच.

हे पुराण सांगायचं कारण असं की गेल्या वर्षभरात आमच्या घरात दोन कंबरा धरल्या. पहिली माझी, दुसरी सासूबाईंची. माझा एक्स-रे काढायला कायरोप्रॅक्टरने नकार दिला, आणि सासूबाईंचा काढल्याशिवाय हात लावायला नकार दिला. दोन्ही वेळा माणूस तोच. आधी मला हे चमत्कारिक वाटलं होतं. आता वाटत नाही, म्हणून लिहितेय.

जानेवारीच्या मध्यावर ओला, जड बर्फ पडला. ड्राइव्हवे साफ करताना फावडं भरून बाजूला टाकायला वळले आणि कमरेत अशी चमक निघाली की फावड्याचा आधार घेऊनच घरात आले. रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी कराडहून निदान केलं, “उसण भरली असंल. पायाळू माणूस मिळतोय का बघ तिकडं.” मोलीनमध्ये पायाळू माणूस कुठून आणू? फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळत होती. कायरोप्रॅक्टरकडे जायला मात्र इथे चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं. त्यांना डॉक्टर म्हणतात, राज्याचं लायसन्स असतं (ते राज्याच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतं), पण ते एमडी नव्हेत, औषधं लिहून देत नाहीत.

जाण्याआधी इन्शुरन्सला फोन करून दोन गोष्टी विचारल्या. कायरोप्रॅक्टरच्या वर्षाला किती व्हिजिट धरतात, आणि तिथे काढलेला एक्स-रे कशात मोडतो? हा दुसरा प्रश्न जरूर विचारा. आमच्या प्लॅनमध्ये व्हिजिटला ४० डॉलर कोपे (दर वेळी आपण भरायची ठरावीक रक्कम) होता, पण एक्स-रे ‘इमेजिंग’मध्ये मोडत होता, म्हणजे डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची वर्षाची रक्कम) संपेपर्यंत सगळा खर्च आपला. जानेवारीत डिडक्टिबल कोरं करकरीत असतं, हे सांगायला नकोच.

पहिल्यांदा गेले ते घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये. दारातच पाटी: नवीन पेशंटसाठी ४९ डॉलर, सल्ला, तपासणी आणि एक्स-रे सकट. फॉर्म भरला, सही केली, आणि डॉक्टर दिसण्याआधीच मदतनीस मुलीने हातात गाऊन दिला. मानेपासून माकडहाडापर्यंत उभ्याने एक्स-रे काढायचे होते. “कशासाठी?” विचारलं तर म्हणाली, आम्ही सगळ्यांचेच काढतो, अलाइनमेंट बघायला. भिंतीवर फिल्म लावलेल्या. हिरवी रेघ म्हणजे आदर्श कणा, लाल रेघ म्हणजे पेशंटचा. सोबत दिलेल्या फोल्डरमध्ये पुढचा कार्यक्रम छापून तयार: आधी आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, असं कित्येक महिने, आगाऊ भरले तर सवलतीत २,८०० डॉलर. आणि शेवटी सुधारणा दाखवायला पुन्हा एक्स-रे. माझी कंबर कुठे दुखते हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. ‘नवऱ्याला विचारून सांगते’ हे वाक्य मी एरवी मैत्रिणींनाही बोलू देत नाही. त्या दिवशी ते फार कामी आलं.

शेजारी एक सत्तरी ओलांडलेले आजोबा राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांनी नदीपलीकडच्या त्यांच्या कायरोप्रॅक्टरचं नाव दिलं आणि वर बजावलं, एक्स-रे मात्र लागणारच, मेडिकेअरचा (म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा) नियमच आहे. त्यामुळे त्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये मी तयारीनेच गेले, धातूचा हुक नसलेले कपडे वगैरे घालून. तिथे वेगळंच झालं. डॉक्टरांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पडलात का? कधी कॅन्सर झाला होता का? वजन कारण नसताना उतरतंय? ताप? स्टेरॉइड घेता का? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का? पायात मुंग्या, जोर कमी वाटतो? मग जरा आवाज खाली आणून: लघवी-शौचावर ताबा आहे ना, बसतो त्या जागेला बधीरपणा नाही ना? मी अवघडले. ते म्हणाले, याचं उत्तर ‘हो’ असतं तर मी तुम्हाला इथे थांबवलंच नसतं, सरळ इमर्जन्सीत पाठवलं असतं.

मग तपासणी. गुडघ्यावर हातोडी, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलणं, मोजे घालून गालिच्यावर आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर चालणं. टाचांवर चालताना मी बदकासारखी डोलत होते, पण तोल गेला नाही, आणि त्यांना हवं ते उत्तर मिळालं: पायांचा जोर शाबूत आहे. एक्स-रे नाही काढायचा, असं म्हणून ते लिहायला बसले.

मी विचारलं, का नाही? (आपल्याला तपासणी केली तरी राग, नाही केली तरी शंका.) त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. एक्स-रेत हाडं दिसतात. गादी, नस, स्नायू दिसत नाहीत, आणि माझं दुखणं बहुधा त्यांच्यातलंच. माझ्या वयाला मणक्यांत झीज दिसणारच. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात काहीही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या लोकांच्या स्कॅनमध्येही ६८ टक्क्यांना गादीची झीज दिसली होती. म्हणजे माझ्या फिल्मवर झीज दिसली असती, मी घाबरले असते, आणि उपचार तेच राहिले असते. शिवाय कमरेचा एक्स-रे म्हणजे साधारण १.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग, सहा महिन्यांत निसर्गातून आपसूक मिळतो तितका. घाबरण्याइतका नव्हे, पण छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. तो बिचारा ०.१ वर भागतो. अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेनेच २०१७ मध्ये सांगून ठेवलंय: धोक्याची लक्षणं नसतील तर कंबर धरल्यापासून पहिले सहा आठवडे एक्स-रे वगैरे काढू नका, आणि प्रगती बघायला पुन्हा पुन्हा तर नकोच.

आजोबांच्या नियमाचाही उलगडा झाला. मेडिकेअरला पूर्वी कायरोप्रॅक्टरचं बिल मंजूर करायला खरंच एक्स-रे लागायचा. १ जानेवारी २००० पासून ती अट गेली. हाताने केलेल्या तपासणीच्या नोंदी चालतात. उलट कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचे पैसे मेडिकेअर देतच नाही. आजोबांच्या डोक्यात जुना नियम घट्ट बसलाय, आणि तसे बरेच जण असावेत.

सगळे कायरोप्रॅक्टर असंच वागतात असं मात्र नाही, हेही त्यांनीच सांगितलं. गॉन्स्टेडसारख्या काही पद्धतींत उभ्याने पूर्ण कण्याची फिल्म काढून तिच्यावर रेघा आखल्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. ते लोक त्यांच्या शिकवणीप्रमाणे वागतात, सगळेच काही गल्ला भरायला बसलेले नसतात. पण रेघ आखून मणका किती मिलिमीटर कलला हे सांगता आलं तरी दुखतंय ते त्यामुळेच, हे त्यातून सिद्ध होत नाही, असं यांचं मत. मला पटलं. तेव्हापासून एक प्रश्न मी पाठ करून ठेवलाय आणि तुम्हीही ठेवा: “या एक्स-रेत काय दिसलं तर तुम्ही उपचार बदलाल?” उत्तर नेमकं आलं तर काढून घ्यावा. ‘आधी बघू तर खरं’ असं आलं तर पर्स उचलावी.

उपचारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कुशीवर झोपवून एक झटका, कट्ट आवाज, मग घरी करायचे व्यायाम. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखलं. मार्च उजाडेपर्यंत मी खाली वाकून डिशवॉशर भरत होते. गुण त्यांच्या हाताचा की नुसत्या दिवसांचा, देव जाणे. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत सुटतेच.

मे महिन्यात सासू-सासरे आले. चार जुलैचे फटाके बघून आलो त्या रात्री सासूबाई बेसमेंटच्या शेवटच्या पायरीवरून घसरून धप्पकन खाली बसल्या. उठल्या, चालल्या, काही झालं नाही म्हणाल्या. सकाळी कुशीवर वळता येईना. इमर्जन्सीत न्यायचं का यावर आमची चर्चा, आणि त्यांचं आपलं एकच, “तुझी कंबर बसवली नव्हं त्यानं? मग माझी बसवायला काय होतंय? न्हे मला.” चालता येत होतं, पायांत बधीरपणा नव्हता, लघवीची तक्रार नव्हती (आता हे प्रश्न मला तोंडपाठ होते). सोमवारी सकाळची वेळ मिळाली.

तेच डॉक्टर, तेच प्रश्न, मी दुभाषी. वय ७२. पडल्या. आमवातासाठी कित्येक वर्षं स्टेरॉइडची गोळी. इथेच त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उभं करून पाठीच्या मधोमध वरून खाली बोटांनी हलकं ठोकत आले आणि बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली एका जागी सासूबाई “आई गं!” म्हणून ओरडल्या. डॉक्टर मागे सरकले आणि म्हणाले, मी यांना झटका देऊन अॅडजस्ट करणार नाही, आधी एक्स-रे. वय, स्टेरॉइड, पडणं, एकाच मणक्यावर दुखणं: यातली एकेक गोष्टही विचारात पाडणारी, इथे तर चारही एकत्र. हाडं ठिसूळ असतील आणि मणका दबला असेल तर वरून दिलेला झटका त्याला आणखी दाबेल. सासूबाईंना हे मराठीत सांगितल्यावर त्या मला म्हणाल्या, “मग ह्यो कसला हाडवैद्य?” हे मी भाषांतरित केलं नाही.

फॉर्मवर ‘गरोदर असण्याची शक्यता आहे का’ हा प्रश्न होता. मी तो इमानदारीने वाचून दाखवला. त्या हसल्या आणि हसताना पाठ दुखली म्हणून मलाच ओरडल्या. एक्स-रेच्या खोलीत खरी गंमत पुढेच. परकराच्या नाडीत खोवलेली किल्ली, बांगडीत अडकवलेली एक पिन, मंगळसूत्राला लोंबणाऱ्या चार-पाच सेफ्टी पिना. मंगळसूत्र काढायला साफ नकार. टेक्निशियन समजूतदार होती. कमरेची फिल्म आहे, गळा त्यात येत नाही, वर सरकवून ठेवा म्हणाली. पिना मात्र सगळ्या काढून घेतल्या, कारण त्या मणक्यावर आल्या तर नेमकं बघायचं तेच झाकतात. घरून निघतानाच सुती, बिनहुकाचे कपडे घालून न्या, आणि पिनांची झडती आधीच घ्या. शिशाचं एप्रन दिलं नाही म्हणून मी विचारलं. तर आता बहुतेक ठिकाणी ते देत नाहीत. २०१९ पासून इथल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सल्लाच तसा आहे, एप्रन मध्ये आलं तर फिल्म बिघडून पुन्हा काढावी लागू शकते. मला भिंतीपलीकडे उभं केलं. दोन फिल्म, एक समोरून, एक बाजूने. मी पलीकडून ओरडले, “आई, श्वास धरा!” सोडा म्हणायचं माझ्याकडून राहिलं आणि त्या बिचाऱ्या लाल होईपर्यंत धरून बसल्या.

बाजूने काढलेल्या फिल्मवर मलाही दिसलं. बाकीचे मणके चौकोनी, कमरेचा पहिला मात्र पुढच्या बाजूने दबलेला, पाचरीसारखा. फिल्मचे ८५ डॉलर आणि रेडिऑलॉजिस्टच्या वाचनाचे ४५, रोख. हे वाचन वेगळं असतं आणि त्याचं बिल वेगळ्या नावाने, उशिरा येतं. आधी विचारून ठेवलं तर दचकायला होत नाही. इन्शुरन्स न वापरता पैसे भरणार असाल तर लेखी अंदाजपत्रक मागायचा हक्क २०२२ पासून आहे. अपॉइंटमेंट निदान तीन कामकाजाचे दिवस आधी ठरलेली असेल तर ते त्यांनी आपणहून द्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: मणका दबलाय, पण आत्ताच की जुना, ते एक्स-रेवरून सांगता येत नाही. त्यासाठी एमआरआय. कायरोप्रॅक्टरनी स्वतः फोन करून एका स्पाइन क्लिनिकमध्ये त्याच आठवड्यातली वेळ मिळवून दिली, याचं मला फार बरं वाटलं. एमआरआयसाठी हॉस्पिटलने सांगितलेला आकडा ऐकून नवऱ्याने दोन-तीन इमेजिंग सेंटरना फोन केले, एका ठिकाणी रोख ४५० डॉलरमध्ये झालं. मणका ताजाच दबलेला होता. ऑपरेशन नको, पट्टा, वेदनाशामक, हळूहळू चालणं, आणि हाडांच्या घनतेची तपासणी. तिचा निकाल अपेक्षेप्रमाणे वाईट. सासूबाई सप्टेंबरपर्यंत पट्ट्यात होत्या आणि उन्हाळाभर मला ‘हे काय कवच घातलंय’ हे ऐकावं लागलं.

दरम्यान मुंबईच्या नणंदेने फोनवर विचारलं, कायरोप्रॅक्टरकडे नेलंच कशाला? रास्त प्रश्न आहे. आता ७२ वर्षांचं स्टेरॉइडवरचं माणूस पडलं तर मी थेट अर्जंट केअरला (आधी वेळ न घेता जाता येतं अशा दवाखान्यात) नेईन, तिथे एक्स-रे आणि एमडी दोन्ही बहुधा एका छताखाली मिळतात. मानेला मार लागला असेल तर पासष्टीपुढे फिल्म किंवा स्कॅन काढतातच, त्यात घासाघीस नको. पूर्वी कॅन्सर झालेला, ताप आणि पाठदुखी एकत्र, तरुण मुलाची सकाळी तासभर न सुटणारी ताठर पाठ, सहा आठवडे उलटूनही न हललेलं दुखणं, यांतही एक्स-रे किंवा पुढची तपासणी हवीच. पाय लुळा पडत असेल तर एक्स-रेने भागत नाही, एमआरआय लागतो. आणि कायरोप्रॅक्टर यातलं काहीही न विचारता टेबलावर झोप म्हणाला तर तोही उठून यायचाच प्रसंग, एक्स-रे फुकट असो वा नसो.

आता सासूबाईंचा व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी काढतात तो. पॉलिसी २५० डॉलर डिडक्टिबलची होती. कायरोप्रॅक्टरची फी त्यात बसत नव्हती, एक्स-रे बसत होता. क्लेमसाठी क्रेडिट कार्डाची पावती चालत नाही. प्रोसिजर कोड आणि निदानाचा कोड असलेलं तपशीलवार बिल लागतं. कमरेच्या दोन-तीन फिल्मचा कोड ७२१००. बिलावर तेवढा आकडा आहे ना, हे काउंटरवरच बघून घ्या. सोबत पासपोर्टची प्रत, अमेरिकेत आल्याच्या शिक्क्याचं पान आणि आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद), जो सरकारी साइटवरून फुकट डाउनलोड होतो. मग त्यांचं पत्र आलं: हाडं ठिसूळ होणं हा आधीपासूनचा आजार नाही कशावरून? कराडच्या डॉक्टरांकडून जुने कागद मागवले. ते अक्षर तिथल्या मेडिकल दुकानदाराशिवाय कुणाला लागत नाही, पण स्पाइन क्लिनिकने ‘दुखापत पडल्यामुळे’ असं एका ओळीचं पत्र दिलं आणि ते चाललं. जुलैत भरलेला क्लेम नोव्हेंबरात मंजूर झाला. एक्स-रे, एमआरआय आणि स्पाइन क्लिनिकचे पैसे डिडक्टिबल वजा जाऊन आले. हाडांच्या घनतेच्या तपासणीचे नाहीत.

फिल्मची प्रत मिळण्याचा पेशंटला हक्क असतो, मागितल्यावर साधारण तीस दिवसांत द्यावी लागते. आम्हाला कायरोप्रॅक्टरने लगेच, एका पैशाशिवाय सीडी करून दिली. सासूबाई ती साडीच्या घडीत ठेवून कराडला घेऊन गेल्या, आणि तिथल्या हाडांच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. शेवटी भाच्याने सायबर कॅफेतून कॉपी करून आणली. तेव्हा पेनड्राइव्हवर मागा, आणि रिपोर्टचा कागद वेगळा मागा, कारण सीडीत नुसत्या फिल्म असतात.